बिरहनपुरची मंगळवारची बस

“बिरहनपुर काट दीजिए, इनामदार मैडम,” माथुर साहेब म्हणाले. त्यांच्या एका हातात समोसा होता आणि दुसऱ्या हाताने ते माझा तक्ता माझ्याकडे परत सरकवत होते. “बस खाली जाती है, खाली आती है. ड्रायवर-कंडक्टर की पिकनिक चल रही है, और क्या!”

ही नव्वदच्या दशकातली, लखनौमधली गोष्ट. माझे यजमान तिथल्या एका संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ होते. मी साताऱ्याची, सिव्हिल इंजिनियर. त्यांच्या मागून लखनौला आले आणि लालबागेतल्या एका छोट्या कन्सल्टन्सीत नोकरीला लागले. पद ‘ट्रान्सपोर्ट प्लॅनर’. मी नेमकं काय करते ते सासरच्या मंडळींना शेवटपर्यंत कळलं नाही. “बसचं काहीतरी बघते,” असं ते पाहुण्यांना सांगत. ते काही खोटं नव्हतं.

माथुर साहेब माझे बॉस. जन्माने, जिभेने आणि आळसाने अस्सल लखनवी. माणूस हुशार, पण एकदा एखादी गोष्ट काट मारण्यासारखी दिसली की त्यांना ती काटेपर्यंत चैन पडत नसे.

आमच्याकडे तेव्हा सरकारचं एक काम होतं. लखनौच्या आसपासच्या कोणत्या गावांना रोजची बस द्यायची, ते ठरवून द्यायचं. हे ठरवताना पहिला प्रश्न असतो लोकसंख्येचा. पण नुसत्या गावाच्या लोकसंख्येवर भागत नाही. अवधमध्ये गाव म्हणजे मधली वस्ती आणि तिच्याभोवती शेतांमध्ये विखुरलेले पुरवे, आपल्याकडच्या वाड्या असतात तसे. या सगळ्यांची मिळून जी माणसं एका बसथांब्यावर येऊ शकतात, त्याला आम्ही ‘कॅचमेंट’ म्हणतो. दुसरा प्रश्न असतो ‘लोड फॅक्टर’चा, म्हणजे बस किती भरते. त्यासाठी काही आठवडे ट्रायल म्हणून बस चालवायची आणि चढणारी-उतरणारी डोकी मोजायची.

ट्रायल आम्ही मंगळवारी आणि बुधवारी घेत असू. सोमवारी कचेऱ्यांची गर्दी, शनिवारी घरी जाणाऱ्यांची. मधले वार साधे, म्हणून मोजणीला चांगले, असं आमच्या धंद्यातली पुस्तकं सांगतात. शिवाय डेपोकडे रिकामी गाडी असायची तीही याच दोन दिवशी. पुस्तक आणि डेपो यांचं एकमत झाल्याचं मी नोकरीत क्वचितच पाहिलं, त्यामुळे कुणाला शंका यायचं कारण नव्हतं.

बिरहनपुर लखनौच्या दक्षिणेला, रायबरेली रोडवरून आत. कॅचमेंट उत्तम, आमच्या यादीत वरच्या चार-पाचांत. गावापर्यंत नवी पक्की सडक झालेली. बस नसली तर माणसांना इक्क्याने, म्हणजे एका घोड्याच्या गाडीने, किंवा पायी मोठ्या रस्त्यापर्यंत यायचं आणि तिथून टेम्पोत कोंबून घ्यायचं. म्हणजे बस आली की माणसांनी उड्या मारायला हव्यात. प्रत्यक्षात पाच-सहा डोकी चढत होती.

“पॉप्युलेशन है, सर, रास्ता है, दूसरा साधन नहीं है. फिर भी बस खाली? कुछ तो गड़बड़ है,” मी म्हटलं.

“पॉप्युलेशन है, डिमांड नहीं है. गाँव वाले सुखी हैं. सुखी आदमी कहाँ जाता है?” साहेबांनी समोसा संपवला. “एक बार देख आइए, फिर काटिए.”

पुढच्या मंगळवारी मी सकाळी लखनौच्या चारबाग स्टँडवरून आमच्याच बसमध्ये बसले. जाताना मी, ड्रायव्हर, कंडक्टर आणि आपली बादली घेऊन निघालेली एक म्हातारी, एवढेच होतो.

बिरहनपुरला पोहोचलो तर थांब्यावर ही गर्दी! मला वाटलं, चला, आज नशीब उघडलं. पण ती बघ्यांची गर्दी होती. कुणी बसच्या पत्र्यावरून हात फिरवत होतं, कुणी ड्रायव्हरला पाणी देत होतं. बस लखनौला परत निघाली तेव्हा चढले ते पलीकडच्या मुसलमान पुरव्यातले चार-पाच जण. बाकीचे लोक लग्नाची वरात बघावी तसे कौतुकाने बघत उभे राहिले आणि धूळ खाली बसल्यावर घरी गेले.

बससाठी अर्ज केला होता शिवबरन मिसिर यांनी. निवृत्त शाळामास्तर, गावात सगळे त्यांना ‘मास्टर साहब’ म्हणत. गावातलं पंचांगही तेच बघत. कुणाचं बारसं, कुणाची पेरणी, कुणाची पाठवणी, सगळे मुहूर्त त्यांच्या ओसरीवरून निघायचे. मी त्यांच्याकडेच दिवसभर थांबले.

बस कशाला हवी, ते त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. त्यांचा मुलगा लुधियानाला कारखान्यात होता. सून किरन घरी. ती लग्नानंतर घरी अभ्यास करून बारावी झाली होती आणि आता तिला लखनौला मास्तरकीच्या ट्रेनिंगमध्ये जागा मिळाली होती. वर्ग जुलैपासून.

“मैंने पढ़ाया है इसको,” मास्टर साहेब म्हणाले. “लेकिन बिटिया, बहू सड़क तक इक्के पर हिचकोले खाए, फिर टेम्पो में मर्दों के बीच ठुँसकर जाए, यह हमसे नहीं देखा जाएगा. बस दरवाजे से चलेगी तो पढ़ेगी. नहीं तो जैसी रामजी की मर्जी.”

किरन दाराआड उभी होती. घुंगट नाकापर्यंत, पण नजर थेट माझ्याकडे. सासरे पाणी आणायला आत गेले तेव्हा ती हळूच म्हणाली, “दीदी, बस रहेगी न?”

मला त्या मुलीला थाप मारवेना. “खाली चलेगी तो नहीं रहेगी,” मी म्हटलं.

दिवसभर मी जमेल त्याला विचारत फिरले. लखनौला जाता का? हो, जातो की. चौक बाजारात चिकनचं भरतकाम पोहोचवायला, अमीनाबादला लग्नाचा बस्ता बांधायला, कोर्टात, दवाखान्यात. मग बसमध्ये का बसत नाही? बैठेंगे, बैठेंगे. कधी? जब काम पड़ेगा. काम कधी पडतं? पड़ता ही रहता है. डोकं भिंतीवर आपटावं असं वाटायला लागलं.

संध्याकाळी बस आली. मी निघाले तशी किरन वाटीत गूळ घेऊन धावत आली. “खाकर जाइए, दीदी, आप लखनऊ जा रही हैं न.” अवधमध्ये पाहुण्याला पाण्याबरोबर गूळ देतात, सकाळीही दिला होता. मी खडा तोंडात टाकला आणि रिकाम्या बसमध्ये जाऊन बसले.

हाती काहीच लागलं नव्हतं, म्हणून पुढच्या आठवड्यात पुन्हा गेले, या खेपेला बुधवारी. थांब्यावर तीच बघ्यांची गर्दी, बसमध्ये तीच चार-पाच डोकी. संध्याकाळी निघताना किरन पुन्हा धावत आली आणि तिने माझ्या हातावर काहीतरी ठेवलं. बघते तर चिमूटभर धने. अख्खे, कोरडे.

गूळ मी समजू शकते. पण निरोप देताना धने? मी तळहात तसाच धरून तिच्याकडे बघत राहिले.

“हे काय?”

“धनिया. आज बुध है न, दीदी.”

“मग आज मंगळवार असता तर?”

“तो गुड़.” तिला माझ्या अज्ञानाचं हसू आलं. “मंगर-बुध को उत्तर दिसा में सूल होता है. लखनऊ तो उत्तर में है. बिना कुछ खाए कैसे जाएँगी?”

दिशाशूल! मला एकदम साताऱ्याच्या स्वयंपाकघरातलं पंचांग आठवलं. आईसुद्धा बघायची. अमुक वारी अमुक दिशेला प्रवास करू नये, गेलं तर काम बिघडतं. लहानपणापासून ऐकलेला शब्द. तरी इतके आठवडे मी डोकी मोजत होते आणि तो मला एकदाही आठवला नव्हता. आमच्या पुस्तकाने जे दोन वार साधे म्हणून निवडले होते, नेमक्या त्याच दोन वारी या गावात कुणी लखनौची वाट धरत नव्हतं. मुसलमान पुरव्यातल्यांना वाराचं काही नव्हतं, म्हणून तेवढेच चढत होते.

मी बस सोडून दिली आणि मास्टर साहेबांच्या ओसरीवर परत जाऊन बसले.

“तुम्ही मला हे आधी का नाही सांगितलं?”

ते खरोखरच गोंधळले. “यह भी बताने की बात है? सबको मालूम है. हम तो समझे, सरकार जान-बूझकर मंगर-बुध को चला रही है. सवारी रहेगी नहीं, तो गाड़ी और सड़क की जाँच ठीक से हो जाएगी.”

म्हणजे आम्ही गावाची परीक्षा घेत होतो, आणि गाव समजत होतं की परीक्षा बसची चालली आहे. म्हणूनच ते दर खेपेला इतक्या प्रेमाने तिचा पत्रा चाचपत होते.

“पण गूळ खाऊन जाता येतं ना?” मी विचारलं.

“क्यों नहीं? शास्त्र में उपाय है. कचहरी की तारीख हो, बीमारी हो, तो खाकर जाते ही हैं. पर बाजार-हाट के लिए कौन गुड़ खाए, बिटिया? कल चले जाएँगे.”

रोज जाणाऱ्या दूधवाल्यांचं काय, असं मी विचारलं. नित्याच्या येण्याजाण्याला शूल लागत नाही, ते म्हणाले, पण दूधवाले सायकलवरून जातात, त्यांचे कॅन बसमध्ये कोण घेणार? मग माझ्यातला इंजिनियर जागा झाला. गुरुवारी दक्षिणेला शूल. म्हणजे गुरुवारी लखनौला गेलेला माणूस संध्याकाळी गावी परत कसा येतो? गाव तर दक्षिणेला.

“घर लौटने में कैसा सूल?” मास्टर साहेब म्हणाले. “घर तो जब चाहो लौटो.”

लखनौला येऊन मला सहा वर्षं झाली होती, आणि साताऱ्याला जायचं म्हटलं की दर वेळी काही ना काही आडवं येत होतं. मी धने चावत इक्क्यातून रस्त्यापर्यंत आले. हिचकोले काय असतात ते त्या संध्याकाळी कळलं. टेम्पोत दोन पुरुषांच्या मध्ये अंग चोरून बसले तेव्हा मास्टर साहेबांचा हट्टही कळला.

दुसऱ्या दिवशी माथुर साहेबांना सांगितलं. ते दोन मिनिटं हसले, मग कपाळाला हात लावला. “हे भगवान, मेरी तो खुद की माँ मंगल को कानपुर की तरफ मुँह भी... नहीं, कानपुर दूसरी तरफ है. लेकिन मैडम, रिपोर्ट में दिशाशूल लिखेंगी? क्लायंट हमारा टेंडर ही कैंसल कर देगा.”

“नाही लिहिणार,” मी म्हटलं. आणि मी लिहिलं, ‘डायरेक्शनल व्हेरिएशन बाय डे ऑफ वीक.’ म्हणजे दिशा आणि वार यांप्रमाणे प्रवासात पडणारा फरक. एक अक्षर खोटं नव्हतं. इंग्रजीत लिहिलं की पंचांगसुद्धा इंजिनियरिंग होतं, हे तेव्हा शिकले.

मीटिंगमध्ये सरकारी साहेबांनी ते वाक्य दोनदा वाचलं. चष्मा काढला. “इसका मतलब क्या है, मैडम?”

मी माथुर साहेबांकडे पाहिलं. ते छताकडे बघत होते.

“सर, मंगळ-बुधला उत्तरेला...” मी सुरुवात केली आणि थांबले.

“अच्छा!” सरकारी साहेब म्हणाले. मग ते हसले, त्यांचा स्टेनो हसला आणि माथुर साहेब छतावरून खाली आले. त्या टेबलाभोवती दिशाशूल माहीत नसलेला एकही माणूस नव्हता. फक्त ऑफिसात येताना तो सगळ्यांनी चपलांबरोबर बाहेर काढून ठेवला होता.

गुरुवार-शुक्रवारची ट्रायल मंजूर झाली. त्या गुरुवारी बिरहनपुरहून बस निघाली ती दारात लटकलेल्या माणसांसकट. चिकनची बोचकी मांडीवर घेतलेल्या बायका, नवरदेवाचे मामा, दातदुखीने गाल धरलेला एक पहिलवान. कंडक्टरला तिकिटं फाडायला हात पुरेनात. मी मागच्या दारात उभी राहून मोजत होते, आणि आनंदाने दोनदा मोजणी चुकले.

इथे ही गोष्ट संपायला हवी होती. पण हिशेब एकदा बरोबर यायला लागला की तो आपल्याला हवा तिथे थांबत नाही.

सरकारी साहेबांनी पुढचं पाऊल टाकलं. “बढ़िया! मंगल-बुध को बस खाली रहती है, यह आपने ही साबित किया है. तो उन दो दिनों की गाड़ी दूसरे गाँव को दे देते हैं. बिरहनपुर को बाकी दिन.”

माथुर साहेब खूश. सरकार खूश. गावालाही तक्रार नव्हती, त्यांना ते दोन वार नकोच होते. आणि तर्कात मला कुठे बोट ठेवायला जागा नव्हती, कारण तर्क माझाच होता. फक्त किरनचं ट्रेनिंग वाराने चालणारं नव्हतं. आठवड्यातले दोन दिवस गैरहजर राहिली तर परीक्षेला बसू देणार नव्हते. दोन दिवस इक्का-टेम्पो करू द्यायला मास्टर साहेब तयार होणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं. ज्या मुलीने मला उत्तर दिलं, तिचीच बस माझ्या उत्तराने जाणार होती. मला स्वतःच्या हुशारीचा राग आला.

“सर, जूनअखेरपर्यंत मंगळ-बुध चालू ठेवा. मग ठरवा,” मी अक्षरशः गयावया केली. साहेब भले होते. हो म्हणाले.

मी बिरहनपुरला जाऊन मास्टर साहेबांना सरळ सांगितलं. “आपका सूल आपकी बहू को लग रहा है.”

त्यांना ते झोंबलं. “हमने कब रोका उसको? उसका तो रोज का जाना होगा, उसको सूल नहीं लगेगा.”

“तिला नाही लागणार. पण बाकी गावाला लागतो, म्हणून बस जाणार. एकट्या किरनसाठी सरकार बस चालवणार नाही.”

पंचांग मास्टर साहेबांच्या बाजूलाच होतं, पण त्यांनी ते उघडलं नाही. किरन दाराआडून ऐकत होती. मी निघाले तेव्हा गुरुवार होता, म्हणून हातावर काही पडलं नाही.

पुढच्या मंगळवारी मोजणीला मी स्वतः गेले. मनाची तयारी केली होती, मोजून यायचं आणि जूनअखेर काट मारायची.

बस थांब्यावर येऊन उभी राहिली आणि मला दिसलं, बसच्या दाराशी मास्टर साहेब उभे. धुतलेलं धोतर, कपाळाला चंदन, हातात पितळेची परात. परातीत गुळाचे खडे. आत पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर ते एक खडा ठेवत होते आणि वर “जाओ, काम सिद्ध हो” असा आशीर्वादही देत होते. बाजारासाठी गूळ कोण खाणार, हा प्रश्नच उरला नव्हता. पंडित स्वतः दारात उभं राहून प्रसाद देत असताना नाही कोण म्हणणार? शिवाय तो फुकट होता. पलीकडच्या पुरव्यातल्या करीम चाचांनीही हात पुढे केला. “हमें सूल नहीं लगता, मास्टर, पर गुड़ तो लगता है!” त्यांना दोन खडे मिळाले.

बस खचाखच भरली नाही. पण अर्ध्याहून जास्त भरली, आणि आमच्या तक्त्यात तेवढं पुरेसं होतं. दुसऱ्या दिवशी परातीत धने होते.

जूनअखेर सरकारी साहेबांनी आकडे बघितले आणि विचारलं, “अचानक यह कैसे बढ़ गया?”

“लोकल पार्टिसिपेशन, सर,” मी म्हटलं. माथुर साहेबांना जोराचा खोकला आला.

बिरहनपुरला रोजची बस मिळाली. जुलैतल्या एका मंगळवारी सकाळी मी मुद्दाम चारबागला गेले. किरन बसमधून उतरली, घुंगट खांद्यावर, छातीशी वह्या. मला बघून ती पळतच आली. तिने मूठ उघडली. आत गुळाचा खडा, उन्हाने चिकट झालेला.

“तुला तर शूल लागत नाही ना? तुझं रोजचं जाणं,” मी म्हटलं.

“नहीं लगता. बाबूजी को भी मालूम है.” ती हसली, पण डोळे भरले होते. “फिर भी रोज देते हैं. मंगर हो या न हो.”

तिने खड्याचे दोन तुकडे केले. एक मला दिला.

नंतर मी पुष्कळ रूट आखले, मोठे आणि मोठ्या पैशांचे. निवृत्त होताना ज्युनियर मुलांनी विचारलं, मॅडम, काही टिप द्या. मी म्हटलं, गावात माणसं किती, हे विचारून झालं की ती कुठल्या वारी कुठे निघतात तेही विचारा. आणि निघताना कुणी हातावर काही ठेवलं, तर तोंडात टाकण्याआधी ते का ठेवलं ते विचारा. मग खा.